जंगल वाचवताना लागलेला कागद

३ मार्च. संध्याकाळी ६.४०

आजपासून आयुष्याला दिशा!

वही नवी आहे, पण कागद वाया जाऊ नये म्हणून मुंगीएवढ्या अक्षरात लिहायचं ठरवलं. आठ ओळी लिहिल्या. माझ्या मलाच वाचता येईनात. पान फाडून पुन्हा सुरुवात. मध्यम अक्षर.

झालं असं. जपलेली जंगलं आणि जबाबदार कागदखरेदी या विषयावर अर्ध्या दिवसाचं शिबिर होतं. जायचं होतं आमच्या प्रेसच्या मालकीणबाईंना. त्यांचा घसा बसला, म्हणून मला पाठवलं. खरेदी विभागात मी एकटाच आहे, म्हणजे विभागप्रमुखच म्हणायचा. पहिलं सत्र कान देऊन ऐकलं. दुसरं डोळे मिटून. शेजारचा नंतर म्हणाला, तुम्ही घोरत होतात. चिंतनात श्वास खोल जातो, सगळ्यांनाच कळतं असं नाही. दुसऱ्या सत्रात कागदाच्या रिमवरची खरी चिन्हं कशी ओळखायची ते सांगितलं म्हणे. तो तपशील झाला. मी गाभा उचलला.

गाभा : झाड तोडणं वाईट. हे मला शिबिराआधीच वाटत होतं, म्हणजे शिबिर बरोबर होतं.

४ मार्च

मीटिंग. मुलांची पुस्तकं काढणारं एक मोठं प्रकाशन आमच्याकडे छपाई देतं. त्यांची यंदा नवी अट : कागद जपलेल्या जंगलातल्या लाकडाचाच हवा, आणि जंगलापासून प्रेसपर्यंत प्रत्येक टप्प्याचा पुरावा हवा. २२ एप्रिलला त्यांची तपासनीस येणार. पास झालो तर तीन वर्षांचं काम. नापास झालो तर बाइंडिंगमधल्या अकरा मावशींना घरी बसावं लागेल, असं मालकीणबाई म्हणाल्या. घसा बसल्यामुळे त्या हे कुजबुजत म्हणाल्या, त्यामुळे अंगावर काटाच आला.

जबाबदारी कोण घेतं, असं त्यांनी विचारलं. नेमका त्याच वेळी मानेला वारा लागत होता म्हणून मी पंखा बंद करायला हात वर केला. टाळ्या! नियती माणसाला अशीच उठवते.

माझं नवं पद : कागद जबाबदारी प्रमुख. (पदाचं नाव मीच सुचवलं. कुणी विरोध केला नाही. बरेचसे निघून गेले होते.) दारावरची पाटी स्वतः छापली. 'जबाबदारी'तला 'दा' दोनदा राहिला. तिसऱ्या वेळी बरोबर.

५ मार्च

गोदाम पाहिलं. गोदाम सांभाळणाऱ्या बाई एकोणीस वर्षं तिथे आहेत. चष्मा कपाळावर, पेन्सिल अंबाड्यात. प्रेसमध्ये त्यांना सगळे स्टोअरबाई म्हणतात. आजवर आपण जंगलांचा केवढा संहार केला, असं मी त्यांना हळुवारपणे सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, अहो, आपला कागद सहा वर्षांपासून... मी हात दाखवून थांबवलं. सहा वर्षांचं पाप एका दिवसात धुतलं जात नाही, म्हटलं, पण सुरुवात करू या.

त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. मग रिमा मोजायला गेल्या. मनाला लागलं असावं.

७ मार्च

'कागद वाचवा' मोहीम सुरू. ऐंशी नोटिसा छापल्या. परिणाम व्हावा म्हणून रंगीत. तत्त्व म्हणून दोन्ही बाजूंनी. पुढच्या बाजूला मथळा आणि माझा फोटो, मागच्या बाजूला चौदा नियम. भिंतीभिंतीवर डकवल्या.

दुपारी मशीनमामा आले. हे ऑफसेट मशीन चालवतात, सगळ्यांचे मामा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणाले, नोटीस झकास आहे, पण नियम भिंतीला वाचायला दिलेत का?

ऐंशी नोटिसा पुन्हा. या वेळी एका बाजूला. अपवादाने नियम सिद्ध होतो.

१० मार्च

बाइंडिंगच्या मावशी मला आपसात 'वनराज' म्हणतात असं कळलं. फार बरं वाटलं. घरी सौ.ला सांगितलं. तिला ठसका लागला. पाणी दिलं.

१४ मार्च

एक बाजू कोरी असलेले सगळे जुने कागद गोळा करून झेरॉक्स मशीनमध्ये घालायचे, असा हुकूम काढला होता. नियम क्रमांक सहा : आधी पिना काढाव्यात. लोक नियम वाचत नाहीत. मशीनने पहिल्याच तासात तीन पिना गिळल्या आणि मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं ओरडून ते बंद पडलं. मेकॅनिक म्हणाला, चार दिवस लागतील. चार दिवस झेरॉक्स बंद म्हणजे चार दिवस कागदाची शंभर टक्के बचत. मालकीणबाईंना हे लक्षात आणून दिलं. त्यांचा घसा आता बरा आहे, हे मला लगेच कळलं.

शिवाय, घरूनही आणलेल्या या कोऱ्या बाजूंपैकी एकीवर मी माझ्या भाषणाचा मसुदा लिहिला होता. दुसऱ्या बाजूला सौ.चा एक्स-रे रिपोर्ट निघाला. गुडघ्याचा. डॉक्टरांनी तिच्यासमोर 'हे वृक्षांनो, मी आलो आहे' इथपर्यंत वाचलं म्हणे.

१६ मार्च. रविवार

सासरे निवृत्त वनरक्षक. चाळीस वर्षं जंगलात काढली, पण जंगलावर त्यांच्याशी कधी सखोल चर्चा झाली नव्हती. मला वेळ नव्हता. आज तेच म्हणाले, जावईबापू, एवढं जंगल जंगल करताय, एकदा बघून तरी या. निघालो. नवा पांढरा शर्ट.

दोन तास बसने. पुढे पायी. उंच, सरळसोट झाडं. वर वारा, खाली ऊन-सावलीचे ठिपके. खरंच सुंदर. एवढ्यात करवतीचा आवाज! पाहतो तर चार माणसं, डोक्यावर हेल्मेट, एका झाडाला भिडलेली. झाडावर लाल रंगाचं कडं काढलेलं. हे वाचवायचं झाड असणार, हे मी ओळखलं. धावलो, झाडाला मिठी मारली, म्हटलं आधी माझ्यावर करवत चालवा.

करवतवाला सासऱ्यांचा जुना सोबती निघाला. त्याने मशीन बंद केलं, थर्मासमधून चहा ओतला आणि म्हणाला, होऊ द्या तुमचं, घाई नाही.

सासऱ्यांनी तेवढ्यात सगळं समजावलं. लाल कडं म्हणजे तोडायचं झाड. दाटी झाली की काही झाडं काढायची, म्हणजे बाकीच्यांना ऊन मिळतं. जेवढी काढली त्याहून जास्त लावायची. ओढ्याकाठच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, घरटी असलेलं झाड सोडायचं, सगळ्याची नोंद ठेवायची, तोडणाऱ्या माणसाला हेल्मेट आणि नीट मजुरी द्यायची. हा तुकडा आता तीस वर्षं कुणी तोडणार नाही. ज्या जंगलाच्या लाकडाला मोल असतं ते जंगल लोक राखतात, म्हणाले. जंगल राखायचं म्हणजे त्याला कुलूप लावायचं नाही.

माणूस चांगला आहे. पण शिबिराला गेलेला नाही.

निघताना मिठी सुटेना. झाडाच्या सालीतून राळ गळत होती. शर्टाची पुढची बाजू झाडापाशीच राहिली. बसमध्ये पूर्ण वेळ छातीशी वर्तमानपत्र धरून बसलो. कागदाचा महिमा!

१९ मार्च

योगायोग पाहा. एक कोटवाले गृहस्थ ऑफिसात आले. कागदाचे व्यापारी. माझ्या मोहिमेची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे. पाच मिनिटांत त्यांनी मला दोनदा 'द्रष्टे' म्हटलं. मी एकदाच अडवलं.

त्यांच्या कागदाचं पाकीट बघत राहावं असं. हिरवंगार. वर हरीण, नदी, तीन पानं आणि ठळक अक्षरात 'जंगलप्रेमी कागद'. सोबत फ्रेम केलेलं प्रमाणपत्र, भोवती सोनेरी वेलबुट्टी : 'अखिल हरित पर्ण महामंडळ'. शिक्का पुरीएवढा. आणि आमचं सध्याचं पाकीट? पांढरं. कोपऱ्यात नखाएवढी एक झाडासारखी खूण आणि तिच्याखाली मुंग्यांची रांग लागल्यासारखे आकडे. एक हरीणही नाही. मीच एवढी वर्षं हा कागद मागवत होतो, आठवलं की शरम वाटते.

ऑर्डर दिली. मालकीणबाईंनी विचारलं, सगळं तपासलंत ना? प्रमाणपत्र भिंतीवर टांगून दाखवलं. तोवर त्या फोनवर बोलायला लागल्या होत्या.

स्टोअरबाईंनी विचारलं, या प्रमाणपत्राचा नंबर कुठाय? मी म्हटलं, बाई, वेलबुट्टी बघा.

२ एप्रिल

नवा माल आला! गोदामात हरणंच हरणं. जुना माल अजून बराच शिल्लक आहे, तो रद्दीत काढा, असं स्टोअरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, लेखी द्या. आता याच कामासाठी मी कागद वापरायचा? तत्त्वाचा प्रश्न. तोंडी आदेश पुरेसा आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, तोंडी मला कमी ऐकू येतं.

दोघंही मागे हटलो नाही. जुना माल मागच्या खोलीत, ताडपत्रीखाली. सध्या डोळ्यांआड आहे, एवढं पुरे.

९ एप्रिल

मशीनमामांची तक्रार. नव्या कागदाची पूड उडते, शाई फुटते, मशीन दर अर्ध्या तासाला पुसावं लागतं. नमुना पान दाखवलं : सशाच्या गोष्टीतला ससा अस्वलासारखा दिसतो. मी म्हटलं, निसर्गात रेषा ठळक नसतात. मामा शिंकले. दिवसभर शिंकत होते.

१३ एप्रिल. रविवार

सासरे आले होते. मी कौतुकाने हरणाचं पाकीट पुढे ठेवलं. उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, लाकूड कुठल्या जंगलातलं?

म्हटलं, हिरव्या.

ते सौ.कडे बघायला लागले. सौ. छताकडे. या घरात दूरदृष्टीचा माणूस एकटा पडतो.

२१ एप्रिल

उद्या! तयारी पूर्ण. दारात बारा कुंड्या (भाड्याच्या). स्वागताचा फलक. भाषण सतरा मिनिटांचं, आरशासमोर सोळा मिनिटं पन्नास सेकंदांत बसतं. कोटवाल्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आहे. असा अस्सल माणूस तपासनीसबाईंनी प्रत्यक्ष पाहावा. मालकीणबाईंनी आज विचारलं, खरंच सगळं ठीक आहे ना, माझी झोप उडाली आहे. मी म्हटलं, निर्धास्त झोपा. जंगलं जागी आहेत.

हे वाक्य भाषणात घातलं. सोळा मिनिटं पंचावन्न.

२२ एप्रिल. सकाळी ९.१०

तपासनीसबाई आल्या. साध्या. खांद्याला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. कुंड्या पाहिल्या नाहीत.

१०.२५

भाषण म्हणाल्या नंतर. आधी गोदाम. चालेल, उत्कंठा वाढते.

११.०५

हरणांच्या पाकिटांसमोर उभ्या आहेत. बराच वेळ. भारावल्या असाव्यात. आता प्रमाणपत्र मागितलं आहे. भिंतीवरून काढून आणतो.

११.२०

प्रमाणपत्रावरच्या महामंडळाला फोन लावताहेत. मी होऊन म्हटलं, अवश्य लावा!

२३ एप्रिल. सकाळी

काल पुढे लिहिता आलं नाही. आज लिहितो. जे घडलं तेच लिहितो, कारण वाचणारा मीच आहे.

तपासनीसबाईंनी महामंडळाचा नंबर फिरवला. रिंग वाजली. फोनमध्ये वाजली आणि माझ्या शेजारीही वाजली. कोटवाल्यांच्या कोटात. सवयीने त्यांनी फोन काढला, कानाला लावला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "नमस्कार, महामंडळ!"

तपासनीसबाई त्यांच्यापासून चार फुटांवर उभ्या होत्या. त्याही फोनमध्येच म्हणाल्या, "नमस्कार. अध्यक्ष आहेत का?"

कोटवाले म्हणाले, "एक मिनिट, जोडून देतो," आणि तसेच फोन कानाला लावून दारातून बाहेर गेले. ते अजून परत आलेले नाहीत. जाताना एक कुंडी पाडली.

मशीनमामा हसायला लागले आणि मधेच शिंकले. बाकी कुणी हसलं नाही. मालकीणबाई रिकाम्या स्टुलावर बसल्या. तपासनीसबाई शांतपणे म्हणाल्या, हा कागद कुठल्या जंगलातून आला हे कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित रात्रीत साफ केलेल्या एखाद्या डोंगरावरचा असेल. हरणाचं चित्र कुणीही काढू शकतं.

मी भाषणाचे कागद काढले. का काढले, माहीत नाही. हाताला दुसरं काही सुचलं नाही.

दारात बाइंडिंगच्या मावशी जमल्या होत्या. सगळ्यांत वयस्कर मावशी पुढे आल्या. वनराज म्हणाल्या नाहीत. "साहेब, आमचं काम राहील ना?" असं विचारलं.

सतरा मिनिटांचं भाषण हातात होतं. मी पानं उलटून त्यात उत्तर शोधायला लागलो.

तेव्हा स्टोअरबाई म्हणाल्या, जरा मागच्या खोलीत येता का? ताडपत्री ओढली. जुनी पांढरी पाकिटं, छताला भिडलेली. प्रत्येकावर ती नखाएवढी खूण आणि आकडे. तपासनीसबाईंनी एकेक आकडा मोबाईलवर घालून पाहिला : जंगल सापडलं, लगदा करणारी गिरणी सापडली, व्यापारी सापडला. साखळी अखंड. स्टोअरबाईंनी कपाटातून फाइल काढली. सहा वर्षांची. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच खरेदीच्या फॉर्मवर 'फक्त या खुणेचा कागद' असा रबरी शिक्का मारायला सुरुवात केली होती, आणि खाली सही, दर महिन्याला, माझी. न वाचता केलेली.

म्हणजे या प्रेसने सहा वर्षं जबाबदार कागद वापरला. फक्त माझे तीन आठवडे सोडून.

दोघी तिथेच स्टूल टाकून बसल्या. तासभर. चहा झाला. मला कुणी विचारला नाही. मी कुंडीची माती भरत होतो.

निर्णय : हरणांचा सगळा माल बाजूला, त्यावर छापलेलं एकही पान प्रकाशनाला जायचं नाही. पहिली पुस्तकं जुन्या मालावर. साठ दिवसांनी पुन्हा तपासणी.

२४ एप्रिल

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. घसा बरा असून ओरडल्या नाहीत. हे जास्त वाईट.

कागद जबाबदारी प्रमुख : स्टोअरबाई. मला त्यांच्याकडे शिकायला बसवलं आहे. पाहू जाता हे सल्लागारपदच आहे.

२७ एप्रिल. रविवार

सासऱ्यांना म्हटलं, ते दाटीचं आणि उन्हाचं पुन्हा एकदा सांगा. त्यांनी सांगितलं. या वेळी मी वहीत उतरवून घेतलं. त्या लाल कड्याच्या झाडाचं काय झालं, विचारलं. म्हणाले, गेलं गिरणीत. तिथे आता सहा रोपं लावलीत, त्यांतली दोन तुमच्या शर्टाच्या चिंध्यांनी बांधलीत आधाराला.

मी वही तोंडासमोर धरून नाक पुसलं. राळेची अॅलर्जी असावी.

६ मे

परीक्षा. स्टोअरबाईंनी चौदा पाकिटं मांडली, खरी कुठली आणि खोटी कुठली ओळखा म्हणाल्या. नऊ बरोबर! मी हात पुढे केला अभिनंदनासाठी. त्या म्हणाल्या, नाणं उडवलं असतं तरी सात आली असती.

म्हणजे नाण्यापेक्षा दोनने पुढे. अशीच सुरुवात असते.

२३ जून

फेरतपासणी. पास! तीन वर्षांचं काम पक्कं. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गर्दीत कुणाकडे बघून वाजवताहेत ते नीट दिसत नव्हतं, म्हणून मी दोनदा वाकून स्वीकारल्या. आता चौदापैकी बारा ओळखतो. बाइंडिंगच्या वयस्कर मावशींनी चहाचा कप स्वतः आणून दिला.   मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

८ जुलै. दुपारी ४.१५

मुलांच्या पुस्तकाचा पहिला गठ्ठा बांधून तयार! ससा सशासारखा दिसतो. शेवटच्या पानावर प्रकाशनाने नवी प्रथा सुरू केली आहे : हा कागद कुठल्या जंगलातून, कुणाकुणाच्या हातून आला त्याची माहिती आणि आभार. मजकूर आमच्या कागद जबाबदारी प्रमुखांनी लिहून द्यायचा होता. धडधडत्या छातीने पान उघडलं. जंगलातली माणसं, गिरणी, गोदाम, छपाई, बाइंडिंगच्या अकरा मावशी. आणि सगळ्यांत शेवटी, स्वतंत्र ओळीत, मी! अक्षरशः असं :

'खरेदी विभागाच्या सहकार्याशिवाय हे शक्य झाले.'

तीनदा वाचलं. धावत गोदामात गेलो. स्टोअरबाईंना दाखवलं, म्हटलं, गडबडीत शेवटचा 'नसते' राहून गेला, पाच हजार प्रतींत राहून गेला, कुठल्या गाढवाने प्रूफ वाचलं?

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, प्रूफ मीच वाचलं होतं, दोनदा. काही राहिलेलं नाही.